सणाच्या दिवशी कार्यालय बंद ठेवावे की माणसाला रजा द्यावी?

अव्वलकारकून (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी महसूल खात्यातून ३१ मे २०२५ रोजी सेवानिवृत्त झालो. शेवटची सहा वर्षे एका तहसील कार्यालयात अव्वल कारकून होतो. त्या टेबलावर बसून जे पाहिले त्यातून माझे एक मत बनले आहे. ते सगळ्यांना रुचेल असे नाही, पण मनापासूनचे आहे, म्हणून येथे मांडतो.

राज्य शासनाच्या २०२५ सालच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत २४ नोंदी होत्या. प्रजासत्ताक दिन, शिवजयंती, डॉ. आंबेडकर जयंती, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन आणि गांधी जयंती या सहा वगळल्या, तर उरलेल्या अठरा कोणत्या ना कोणत्या धर्माच्या सणांच्या होत्या. (गुढीपाडवा आणि पारशी नववर्ष मी सणांतच धरले आहेत.) पाच नोंदी शनिवार-रविवारी आल्या, दसरा गांधी जयंतीच्याच दिवशी आला आणि पारशी नववर्ष स्वातंत्र्यदिनी आले, त्यामुळे प्रत्यक्षात कामाचे सतरा दिवस गेले. भाऊबीज वेगळ्या आदेशाने मिळते, ती निराळी. २९ फेब्रुवारी २०२० पासून आम्हाला पाच दिवसांचा आठवडा मिळाला, तेव्हा या यादीचा फेरविचार होईल असे मला वाटले होते. तो झाला नाही.

एप्रिल २०२५ चेच पाहा. १० तारखेला गुरुवारी महावीर जयंती, १२ आणि १३ शनिवार-रविवार, १४ ला डॉ. आंबेडकर जयंती, १८ ला गुड फ्रायडे आणि त्याला लागून पुन्हा शनिवार-रविवार. १० ते २० या अकरा दिवसांत कार्यालय चार दिवस उघडे होते. त्यातही ११ तारखेच्या शुक्रवारी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, कारण तेवढ्या एका दिवसाची रजा टाकली की सलग पाच दिवस मिळत होते.

त्या शुक्रवारी दुपारी डोंगरातल्या एका वाडीवरून पन्नाशीच्या एक बाई आल्या. मुलीच्या वसतिगृहाच्या अर्जासाठी त्यांना उत्पन्नाचा दाखला हवा होता. आदल्या दिवशी सकाळच्या एसटीने येऊन, दाराला कुलूप पाहून त्या परत गेल्या होत्या, आणि आज आल्या तर तलाठ्याचा अहवाल जोडलेला नव्हता आणि तलाठी रजेवर होते. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, मुलीचा शाळेचा दाखला आणि दोन्ही दिवसांची तिकिटे नीट घडी घालून ठेवलेली होती. "काल कुणाचा सण व्हता, साहेब?" एवढेच त्यांनी विचारले. तक्रारीचा सूर नव्हता. मी सांगितले. "बरं," म्हणाल्या आणि पुन्हा कधी येऊ, असे विचारू लागल्या. मंगळवारी या, असे सांगताना मला त्यांच्याकडे पाहवले नाही, कारण त्यांची दोन दिवसांची मजुरी बुडाली होती आणि माझा पगार मात्र या दोन्ही दिवसांचा चालू होता.

तेव्हापासून मी असे म्हणतो, की २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर एवढ्याच दिवशी कार्यालये बंद असावीत आणि बाकी दिवसांच्या बदल्यात प्रत्येक कर्मचाऱ्याला दहा-बारा भरपगारी दिवस द्यावेत, जे त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावेत किंवा श्रद्धा नसेल तर मुलीच्या वाढदिवसाला घ्यावेत. ही कल्पना माझी नाही. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालील सहाव्या केंद्रीय वेतन आयोगाने मार्च २००८ मध्ये हेच सुचवले होते: कार्यालये फक्त तीन राष्ट्रीय दिवशी बंद ठेवावीत आणि वैकल्पिक सुट्ट्या दोनच्या आठ कराव्यात. ती शिफारस स्वीकारली गेली नाही.

सुट्टी गेली म्हणजे सणाचे महत्त्व गेले, असे ज्यांना वाटते त्यांना एकच सांगतो. आमच्या घरात तीन पिढ्यांची वारी आहे. आषाढी एकादशी या चोवीस नोंदींत नाही. मी अर्जित रजा टाकून वाखरीपर्यंत चाललो आहे, आणि राजपत्रात नाव नाही म्हणून त्या एकादशीचे मोल माझ्या मनात कधी कमी झाले नाही.

आगाशी

काका, त्या बाईंचा प्रसंग वाचून वाईट वाटले. तरीही आपल्या उपायाशी मी सहमत होऊ शकत नाही, कारण त्या उपायाखाली मी अकरा वर्षे नोकरी करते आहे.

मी वसईची ख्रिस्ती. अंधेरीतील एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात काम करते. आमच्याकडे गुड फ्रायडे वैकल्पिक आहे. २०२४ मध्ये तो २९ मार्चला आला. वर्षअखेरीचे हिशेब चालू होते. मी अर्ज जानेवारीतच दिला होता आणि तो मंजूरही झाला होता, पण आदल्या संध्याकाळी वरिष्ठांनी अत्यंत सौजन्याने सांगितले, की तुमचा हक्क आहेच, फक्त या वर्षी जमवून घ्या. मी जमवून घेतले. आमच्याकडे गुरुवारच्या रात्रीपासून चर्चची घंटा वाजत नाही, तिच्या जागी लाकडी खुळखुळा वाजवतात, आणि दुपारी क्रुसाच्या वाटेला सारा गाव उभा असतो. मी गावी पोचले तेव्हा सात वाजून गेले होते. अंगणातल्या खुर्च्या गोळा झाल्या होत्या. आईने पेज झाकून ठेवली होती.

विकल्प याचा अर्थ असा होतो, की ज्याचा सण त्याने मागायचे आणि दुसऱ्या कुणीतरी द्यायचे. बहुसंख्य समाजाला हे मागावे लागणार नाही, कारण दिवाळीला अर्धे कार्यालय रजेवर असल्यावर साहेबसुद्धा काम काढणार नाहीत. मागावे लागेल ते मला, भायखळ्याच्या एखाद्या शेखला आणि एखाद्या पारशी बाईला. कागदावर सगळ्यांना समान दहा दिवस मिळतील, पण त्यांतला माझा दिवस मला दरवर्षी कुणाच्या तरी सौजन्यावर सोडावा लागेल. दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीत २०१९ मध्ये गुड फ्रायडे राजपत्रित सुट्ट्यांतून काढून वैकल्पिक केला गेला, तेव्हा तेथील लोकांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले आणि न्यायालयाच्या आदेशानंतरच तो दिवस परत मिळाला. एका दिवसासाठी माणसे न्यायालयात जातात, तेव्हा त्यांना फक्त विश्रांती हवी असते असे नाही.

दस्तऐवज

मी बँकेत नोकरी केली, म्हणून कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो.

सार्वजनिक सुट्टी कोणत्या कायद्याने मिळते हे शोधायला गेले, तर ती धर्माशी संबंधित कोणत्याही कायद्यात सापडत नाही. ती परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ मध्ये सापडते, म्हणजे हुंडी, वचनचिठ्ठी आणि धनादेश यांच्या कायद्यात. हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल, तर ती आदल्या कामाच्या दिवशी भरली असे मानावे, एवढेच ते कलम सांगते, आणि कोणता दिवस सुट्टीचा हे ठरवण्याचा केंद्राचा अधिकार १९६८ च्या अधिसूचनेने राज्यांकडे आला. पेढी बंद असताना सावकाराने ऋणकोला थकबाकीदार ठरवू नये, या व्यवहारी गरजेतून ही यादी आली आहे. आता डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस, म्हणजे बँकांतून मोठ्या रकमा पाठवण्याची व्यवस्थासुद्धा, रात्रंदिवस, बाराही महिने चालते. ज्या कारणासाठी यादी जन्मली ते कारण बरेचसे उरलेले नाही, आणि यादीवर मात्र मान-अपमान, ओळख, मतपेटी असे सगळे येऊन बसले आहे.

न्यायालयांची भूमिका साधारणतः अशी, की सुट्ट्या हा कार्यकारी धोरणाचा विषय आहे. २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेनिमित्त राज्याने दिलेल्या सुट्टीला विधीच्या विद्यार्थ्यांनी आव्हान दिले, तेव्हा आदल्या दिवशी, रविवार असूनही, उच्च न्यायालयाने सुनावणी घेतली आणि याचिका फेटाळली. त्याआधी, २०२२ मध्ये, दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिदिनाची म्हणजे २ ऑगस्टची सुट्टी मागणाऱ्या याचिकेत त्याच न्यायालयाने सांगितले, की सार्वजनिक सुट्टी हा कुणाचाही मूलभूत हक्क नाही आणि आपल्याकडे सुट्ट्या आधीच इतक्या आहेत, की त्या वाढवण्याऐवजी कमी करण्याची वेळ आली असावी. आगाशीताईंनी सांगितलेला २०१९ चा आदेश या ओळीत वेगळा उठून दिसतो, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. नवी सुट्टी मागणे आणि असलेली सुट्टी एकाच समाजाची काढून घेणे या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

कृष्णाकाठ

धागाकर्त्यांच्या मांडणीत सण ही एकट्या माणसाची गोष्ट धरली आहे. माझ्या मते चूक तेथेच आहे. वारीला एकट्याने रजा टाकून जाता येते, कारण वारी वाटेवर भेटते. भाऊबीज एकट्याने रजा टाकून होत नाही. भाऊ कोल्हापुरात तलाठी, बहीण साताऱ्यात शिक्षिका, मेव्हणे वीज कंपनीत, भाचा शाळेत. या चौघांना एकच दिवस मिळाला तर ताट ओवाळले जाते. प्रत्येकाला दहा दिवस दिले आणि ते कुणाचेच कुणाशी जुळले नाहीत, तर त्या दिवसांची बेरीज चाळीस होईल आणि भाऊबीज होणार नाही. शासन समाजाच्या बाहेर कोठे तरी उभे नाही. लोक ज्या दिवशी एकत्र येतात तो दिवस मोकळा ठेवणे याला धर्माचा प्रचार म्हणू नये.

भायखळा

आगाशीताईंनी भायखळ्याचे नाव घेतलेच आहे, म्हणून लिहितो.

ईद-ए-मिलादची सुट्टी मुंबईत सलग तीन वर्षे सरकली, हे अनेकांच्या लक्षात आले नसेल. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या. आमच्या जमातीच्या बुजुर्गांनी बसून ठरवले, की विसर्जनाच्या दिवशी जुलूस काढायचा नाही, तो दुसऱ्या दिवशी काढायचा, आणि शासनाने सुट्टी २९ तारखेला दिली. २०२४ मध्ये १६ सप्टेंबरची सुट्टी १८ ला गेली. २०२५ मध्ये विसर्जन ६ सप्टेंबरला होते, म्हणून मुंबई शहर आणि उपनगरांत ५ तारखेची सुट्टी ८ ला गेली. नमाज, फातेहा, घरातले गोडधोड त्या त्या तारखेलाच झाले, त्यासाठी आम्ही शासनाकडे काही मागितले नव्हते. जुलूस मात्र रस्त्यावरचा असतो. त्याला पोलीस लागतात, बेस्टचे मार्ग वळवावे लागतात, शाळांच्या बस थांबवाव्या लागतात.

यावरून मला वाटते, की शासनाने श्रद्धेकडे पाहूच नये, गर्दीकडे पाहावे. ज्या दिवशी शहराचा रस्ता लोकांचा होतो त्या दिवशी त्या शहराला सुट्टी असावी, आणि जो सण घरात साजरा होतो त्यासाठी माणसाला रजा असावी. मुंबईच्या स्थानिक सुट्ट्यांत हे काही प्रमाणात आहेच. अडचण अशी, की तेथेही हिशेब गर्दीचा राहत नाही. २०२५ मध्ये दहीकाला आणि अनंत चतुर्दशी दोन्ही शनिवारी आल्या, म्हणजे सुट्टी आयतीच होती. तरी त्यांच्या बदल्यात नारळी पौर्णिमा आणि ज्येष्ठा गौरी विसर्जन असे दोन दिवस देण्यात आले. कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेचे मोल काय आहे ते मी जाणतो आणि त्या दिवसाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु सुट्टी सणासाठी दिली जात होती की संख्या भरण्यासाठी, हे त्या आदेशावरून मला सांगता येणार नाही.

हडसनकाठ

न्यूयॉर्कमधून लिहिते आहे. आमच्या मुलांनी वैकल्पिक सुट्टीची दुसरी बाजू पाहिली आहे.

येथील शहराच्या सार्वजनिक शाळांत २०१५ मध्ये ईदची सुट्टी आली. दिवाळीची सुट्टी २०२३-२४ च्या शालेय वर्षापासून मान्य झाली, पण त्या वर्षी दिवाळी रविवारी आल्याने पहिली खरी सुट्टी १ नोव्हेंबर २०२४ ला मिळाली. त्याआधी धार्मिक कारणाने गैरहजर राहण्याची मुभा होतीच. मुलगा सातवीत असताना लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्याची गणिताची चाचणी होती. चाचणी नंतर देता येईल असे शिक्षिकेने स्वतः सांगितले, तरीही तो शाळेत गेला, कारण वर्गात आपण एकटेच गैरहजर राहणार हे त्याला नको होते. नियमाने त्याला पूर्ण मोकळीक दिली होती. कृष्णाकाठ म्हणतात तेच मी परमुलखात अनुभवले, की सगळ्यांसाठी दार बंद असते तेव्हा कुणाला स्वतःचे वेगळेपण सांगत बसावे लागत नाही.

तरीही काकांचा मुद्दा येथेही आहे. राज्याच्या नियमाप्रमाणे शाळेचे १८० दिवस भरावेच लागतात. प्रत्येक समाजाने आपला दिवस मागितला, की उरलेले दिवस आवळत जातात, आणि ज्या आईबापांना घरून काम करता येत नाही त्यांना त्या दिवशी मूल कोणाकडे ठेवायचे ते सुचत नाही.

गोदामवाला

पुण्यात माझे विजेच्या सामानाचे दुकान आणि गोदाम आहे, बावीस माणसे आहेत. तुम्ही ज्या व्यवस्थेवर वाद घालत आहात ती दुकानांच्या कायद्यात आधीच लिहिलेली आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना अधिनियमात कामगाराला वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या, आणि उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी एकमेकांशी बोलून ठरवायच्या. कोणत्याही धर्माचे नाव त्यात नाही.

आम्ही डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी गोदामातच बसतो. गणेश चतुर्थी आणि लक्ष्मीपूजन यांवर बोलावेच लागत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या दिवसावर मात्र दरवर्षी तासभर जातो. आमच्याकडे तीन मुसलमान, सहा बिहारचे, एक जैन मुनीमजी आणि बाकी मावळ-मुळशीकडची माणसे आहेत. बिहारच्या मुलांना छठ हवी असते, आणि ती तर शासनाच्या चोवीसच्या यादीतही नाही. शेवटी असे ठरले, की रमजान ईदला सगळ्यांना सुट्टी आणि चौथा दिवस ज्याचा त्याने घ्यायचा. रमजान ईदचा प्रस्ताव मी मांडला नव्हता. हमालांपैकी एका वारकऱ्याने मांडला. महिनाभर रोजे धरून ही पोरे पोती उचलतात, मग त्या दिवशी आपण गोदाम उघडून काय करणार, असे तो म्हणाला.

आणि एक सांगावेसे वाटते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली. रविवार हा खंडोबाचा वार आहे, हेही एक कारण त्या मागणीमागे होते, असे आपल्याकडे सांगतात. साहेबाचा चर्चचा दिवस आणि आपल्या खंडोबाचा दिवस एकच निघाला, आणि आज त्या दिवसाला कुणी धार्मिक सुट्टी म्हणत नाही.

अव्वलकारकून (धागाकर्ता)

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले.

आगाशीताई, आपला अनुभव वाचून माझ्या मांडणीतली उणीव कळली. मी वैकल्पिक दिवस सुचवताना तो मंजूर कोण करणार हे लिहिलेच नव्हते, कारण मला स्वतःला कधी कुणी नकार दिला नाही. वारीला जाणारा अव्वल कारकून आणि वर्षअखेरीला गुड फ्रायडे मागणारी ताई यांच्यात फरक आहे, आणि तो मला साठीपर्यंत दिसला नाही. म्हणून दुरुस्ती करतो. सणाचा दिवस वर्षारंभी लेखी कळवला, की त्याला मंजुरीची गरज नसावी, आणि तो ऐन वेळी मागे घेण्याचा अधिकार कोणत्याही वरिष्ठाला नसावा. अशी हमी मिळत नसेल, तर आहे ती यादी राहू द्यावी, असे मी आता म्हणेन.

कृष्णाकाठ यांचे भाऊबीजेचे उदाहरण मी खोडू शकत नाही. दिवाळी, दोन्ही ईद, नाताळ, बुद्ध पौर्णिमा असे जे दिवस कुटुंबे एकत्र आल्याशिवाय होत नाहीत, ते सामाईक राहावेत. कार्यालये फक्त त्या चार दिवशी बंद ठेवण्याचा माझा आग्रह मी सोडतो.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे. कर्मचाऱ्याला सुट्टी असणे आणि नागरिकाची खिडकी बंद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या एक करून टाकल्या आहेत. दवाखाना, पोलीस चौकी, एसटी आगार दिवाळीतही चालते. तेथे पाळ्या लावलेल्या असतात आणि ज्याचा सण नाही तो बहुधा आपण होऊन पुढे येतो. आमच्या कार्यालयात माझा एक मुस्लिम सहकारी दरवर्षी म्हणायचा, की दिवाळीत मला बसू द्या, ईदला तुम्ही बसा. तसे करण्याची सोय नव्हती, कारण दारालाच कुलूप असायचे. तालुक्याच्या ठिकाणी सलग दोन दिवसांपेक्षा जास्त काळ दाखल्यांची खिडकी बंद राहू नये, एवढा जरी नियम झाला, तरी एप्रिलच्या त्या आठवड्यात त्या बाईंना मंगळवारपर्यंत थांबावे लागले नसते.

गोदामवाले, आपण डिसेंबरात जो कागद करता त्याचा मायना मला पाठवाल का? आमच्या जुन्या कार्यालयातील नव्या अव्वल कारकुनांना तो दाखवावा म्हणतो. पाळ्या लावण्याचा अधिकार त्यांना नाही, पण कोणाचा सण कोणता हे वर्षारंभी एका कागदावर लिहून घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही.

गोदामवाला

आज रात्री पाठवतो, काका. साधा वहीचा कागद आहे, वर तारीख आणि खाली बावीस सह्या. दोघे अंगठा उठवतात.